लाल गोळ्या नंतर, आधी ब्रश दाखवा

“ताई, तोंड आलंय, त्या लाल गोळ्या द्या.” कराडात आमच्या मेडिकलच्या काउंटरवर हे वाक्य बाराही महिने ऐकू येतं, उन्हाळ्यात जरा जास्तच. लाल गोळ्या म्हणजे बी-कॉम्प्लेक्सच्या कॅप्सूल. द्यायला माझी हरकत नसते, दुकान त्यावरच चालतं. पण हल्ली स्ट्रिप कापण्याआधी मी विचारते, नेमकं कुठं आलंय? गालाच्या आतून, ओठाला, जिभेखाली, की दाताच्या मुळाशी हिरडीला? समोरच्यानं हिरडी म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: ब्रश कसला वापरता, आणि तो किती दिवसांत पिंजारतो?

माणसं जरा दचकतात. एका बागायतदारांनी तर मला ऐकवलं, “ब्रश दातांना लावतो ताई, तोंडाला नाही.” त्यांच्या अंगात म्हणे उष्णता झाली होती. सब्जा, गुलकंद, ताक सगळं करून झालं होतं. उष्णतेशी माझं भांडण नाही, सब्ज्यानं कुणाचं वाईटही होत नाही. पण त्यांनी ओठ वर करून दाखवला तेव्हा सुळ्याच्या वर हिरडीवर आडवी, लांबट, पांढुरकी रेघ होती आणि तिची कड लालभडक. उष्णता अशी पट्टी लावून आखल्यासारखी येत नाही. ती जखम होती.

ब्रशची जखम बहुतेक वेळा जिथं दात हिरडीत शिरतो त्या कडेला होते. नाहीतर शेवटच्या दाढेजवळ गालाच्या आत, कारण घाईत ब्रशचं प्लॅस्टिकचं डोकं तिथं जाऊन आदळतं. नेहमीचं तोंड येणं वेगळं. ते गोल किंवा लंबगोल असतं आणि ओठाच्या, गालाच्या आतली, जिभेखालची जी मऊ, हलणारी त्वचा असते तिथं उगवतं. हाडाला घट्ट चिकटलेल्या हिरडीवर ते सहसा येत नाही. ही खूण शंभर टक्के नाही, कारण ज्यांना मुळात वरचेवर तोंड येतं त्यांना ब्रशचा साधा ओरखडाही पुरतो, दोन दिवसांनी तिथंच गोल फोड हजर. तरी काउंटरच्या अलीकडून अंदाज बांधायला मला ही खूण बरीच उपयोगी पडते.

या विषयात मी एवढी शिरले त्याला कारण आमच्या घरातच आहे. आमचे सासरे, मी त्यांना मामा म्हणते, साखर कारखान्यात बॉयलरवर होते. निवृत्तीनंतर शेती बघतात. लहानपणी राखुंडी, मग बाभळीची काडी, मग लाल दंतमंजन आणि नोकरी लागल्यावर ब्रश, असा त्यांच्या दातांचा प्रवास. प्रत्येक टप्प्यावर जोर मात्र तोच. परसात धुण्याच्या दगडापाशी उभे राहून ते करपलेलं पातेलं घासावं तसे दात घासतात आणि तो खर्रखर्र आवाज स्वयंपाकघरात चहा गाळताना मला ऐकू येतो. ब्रश हार्डच पाहिजे. मी एकदा मऊ आणून दिला तर म्हणाले, “हा काय बारक्या पोरांचा?” तोंडातले सगळे दात अजून स्वतःचे आहेत, हा त्यांचा अभिमान. तो खोटाही नाही.

मागच्या श्रावणात त्यांनी जेवताना उजवीकडूनच चावायला सुरुवात केली. आत्यांच्या, म्हणजे सासूबाईंच्या, ते आधी लक्षात आलं. विचारलं तर “काही नाही, तोंड आलंय.” त्यांचे उपाय गुपचूप सुरू होते. पहिल्यांदा तुरटी फिरवली. मग लवंगेच्या तेलात कापसाचा बोळा भिजवून दाबून धरला, त्यानं ती जागा आणखी भाजली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, जखमेवर जो पांढरा थर दिसत होता तो त्यांना पू किंवा घाण वाटला, म्हणून सकाळी ब्रश करताना नेमका तिथं जास्त जोर. “पांढरं जमलंय ते निघायला नको का?”

घोळ नेमका इथंच होतो, आणि तो फक्त मामांचा नाही. तो पांढरा-पिवळसर थर म्हणजे पू नव्हे. रक्त गोठताना जे तंतू तयार होतात, त्या फायब्रिनचा तो पापुद्रा. तोंडात सतत ओल असते, त्यामुळे बाहेरच्या जखमेसारखी कोरडी, तपकिरी खपली तिथं धरत नाही, तिच्याऐवजी हा थर असतो. त्याच्याखाली नवी त्वचा धरत असते. मामा ती खपली रोज सकाळी नेमानं काढून टाकत होते आणि जखम रोज नव्यानं सुरू होत होती. मग गोळ्यांनी काय होणार?

मी त्यांना समजावण्याच्या भानगडीत फार पडले नाही. सुनेचं ऐकून ब्रश बदलणारे सासरे मी अजून पाहिलेले नाहीत. सरळ दंतवैद्याकडे नेलं. डॉक्टरांनी आरसा हातात देऊन त्यांना त्यांचाच दात दाखवला. सुळ्याच्या आणि शेजारच्या दाढेच्या मुळाशी खाच पडली होती, कुऱ्हाडीचा हलका घाव बसावा तशी नीट, गुळगुळीत. दातावरचं इनॅमल हा शरीरातला सगळ्यात टणक पदार्थ, पण हिरडी वर सरकली की मुळाचा जो भाग उघडा पडतो त्यावर इनॅमल नसतं. तो मऊ असतो आणि कडक ब्रशानं, भरड मंजनानं झिजतो. गार पाणी लागलं की कळ येते ती तिथूनच. डॉक्टर म्हणाले, खाच भरता येईल, जखमही भरेल, पण सरकलेली हिरडी आपली आपण खाली येत नाही. मग त्यांनी विचारलं, “उजव्या हातानं घासता ना?” उजव्या हातानं घासणाऱ्यांचं हे दुखणं बऱ्याचदा डाव्या बाजूला दिसतं. जबड्याच्या वळणावर सुळा पुढं आलेला असतो, हाताचा पूर्ण जोर तिथं बसतो. हे ऐकल्यावर मामा गप्प झाले. सून कुठून तरी वाचून सांगते असं आता म्हणता येईना.

उपचार म्हणावा तर अगदी साधा. त्या दोन दातांना काही दिवस ब्रश लावायचाच नाही, ओल्या कापसानं हलकं पुसायचं. बाकीच्या दातांना अतिमऊ ब्रश. प्रत्येक खाण्यानंतर कोमट पाण्याच्या गुळण्या, एका पेल्याला अर्धा चमचा मीठ. क्लोरहेक्सिडिनचा ०.२ टक्क्यांचा माउथवॉश सकाळ-संध्याकाळ १० मिली, मिनिटभर तोंडात खेळवून थुंकायचा. आणि रात्री झोपताना जखमेवर ट्रायमसिनोलोनच्या पेस्टचा बारीक ठिपका.

माउथवॉशबद्दल एक गोष्ट मी गिऱ्हाइकाला बाटली देताना दरवेळी सांगते आणि दरवेळी ती नवीनच असते. टूथपेस्ट लावून लगेच क्लोरहेक्सिडिन घेऊ नका. पेस्टला ज्यामुळे फेस येतो त्या सोडियम लॉरिल सल्फेटमुळे त्याचा जोर कमी होतो. मध्ये अर्धा तास जाऊ द्या. आणि आवडला म्हणून महिनोन्‌महिने वापरू नका, दातांवर तपकिरी डाग धरतात, जिभेची चवही बिघडते. चहाबाज माणसाचे डाग तर आणखी लवकर.

ती पेस्ट स्टेरॉइडची असते, म्हणून चिठ्ठीशिवाय मी देत नाही. त्यावरून वाद होतात ते होऊ देत. हिरडीवरचा फोड विषाणूचा असेल किंवा तोंडात बुरशी असेल तर स्टेरॉइडनं तो उलट बळावतो, आणि तो फरक ओळखायचं काम माझं नाही. लावण्याचीही रीत आहे. जागा कापसानं टिपून कोरडी करायची, ठिपका ठेवायचा आणि हात काढून घ्यायचा. चोळलं की पेस्ट रवाळ होते आणि चिकटत नाही. मामांनी पहिल्या रात्री अर्थातच चोळली.

खाण्याचे हाल मात्र खरे. आमच्याकडं कांदा-लसूण मसाल्याशिवाय आमटीला आमटी म्हणत नाहीत. तूप-भात, दही-भात, ज्वारीच्या कण्या, केळं, निवालेलं दूध. भाकरी खायची तर दुधात कुस्करून, कारण तिचा कडक पापुद्रा बरोबर जखमेत जाऊन टोचतो. चिवडा, पापड, लोणचं, चिंच-लिंबू बंद. चहा बशीत ओतून गार करून. मामा म्हणाले, “आजारी माणसाचं खाणं चाललंय माझं.” आत्या म्हणाल्या, “मग आजार कुणी आणला?” त्या पन्नास वर्षांच्या संसारात असं बोलायची संधी सहसा सोडत नाहीत.

तीन-चार दिवसांत ठणका उतरला. पांढरा थर आपोआप बारीक होत गेला. तोंडातली त्वचा बाहेरच्या त्वचेपेक्षा लवकर भरते, लाळेचा त्यात मोठा वाटा आहे. दुखापत करणारं कारण थांबलं तर अशी जखम साधारण आठवडा ते दीड आठवड्यात मिटते. यातलं “कारण थांबलं तर” एवढं लोकांना ऐकू जात नाही.

घरगुती उपायांचं विचाराल तर मी सगळ्यांना नाकं मुरडत नाही. साजूक तूप किंवा खोबरेल तेल बोटानं हलकं लावलं तर जागा झाकली जाते, बरं वाटतं. जेष्ठमधाची पूड मधात कालवून लावणारे आहेत, लावा. आमच्या परसात जाईचा वेल आहे आणि तोंड आलं की जाईचा पाला चावायचा, हा आत्यांच्या माहेरचा उपाय. जुना आहे, आयुर्वेदातही आहे. पण हिरडीला जखम असताना पाला त्याच बाजूनं करकरा चावला तर पुन्हा घासणंच झालं, म्हणून रस लावा, चघळू नका, असं मी आत्यांना सांगितलं. त्यांना ते पटलेलं नाही. तुरटीची लाही करून लावतात, ती आकसून घेते आणि झोंबते. ओल्या जखमेवर ती मला तरी नको वाटते. लवंगेचं तेल किडलेल्या दाढेच्या खड्ड्यासाठी ठीक, उघड्या हिरडीवर नको. आणि दुखऱ्या जागेशी ऍस्पिरिनची गोळी दाबून ठेवणारी माणसं अजून आहेत! ते आम्ल आहे, त्वचा भाजून पांढरीफटक पडते. गोळी गिळायची असते, बाबांनो.

काउंटरवर सगळ्यात जास्त खपतं ते झोंबणं थांबवणारं जेल. बहुतेकांत कोलिन सॅलिसिलेट असतं, काहींत बधिर करणारं लिग्नोकेन. जेवणाआधी जरासं लावलं तर घास जातो, एवढाच त्याचा उपयोग. जखम त्यानं भरत नाही. बधिर जेल लावून लगेच वाफाळता चहा पिऊ नका, भाजलेलं कळत नाही. परवा एक आई पाच वर्षांच्या मुलासाठी तेच जेल मागत होती, “मोठ्याला लावतो तेच द्या.” दिलं नाही. सॅलिसिलेट ऍस्पिरिनच्या कुळातलं, सोळा वर्षांखालच्या मुलांना ते टाळायचं असतं. तिला म्हटलं, त्याला गार दही खाऊ घाला आणि दात तुम्ही घासून द्या. तो स्वतः ब्रश तोंडात घालून पळत होता आणि पायरीला अडखळला, हे नंतर बोलता बोलता कळलं.

आता हा कडक ब्रश लोकांच्या डोक्यातून का जात नाही, याचा मी विचार करते. मला वाटतं, राखुंडी, कोळसा, विटेचा चुरा यांनी दात घासलेल्या पिढीला घासल्याचा आवाज आणि हिरडीची हुळहुळ म्हणजेच स्वच्छता वाटते. पण दातांवर रोज जो थर धरतो तो मऊ असतो, नखानंही निघतो. आणि त्याच थरात लाळेतले क्षार बसून, घट्ट होऊन झालेलं किटण कुठल्याच ब्रशनं निघत नाही, जोर कितीही लावा. त्याला दंतवैद्याचं यंत्रच लागतं. म्हणजे जोराची गरज अशी कुठंच नाही.

डॉक्टरांनी मामांना जी रीत दाखवली ती चार्ल्स बास या अमेरिकन डॉक्टरांच्या नावानं ओळखली जाते. गंमत म्हणजे ते दातांचे डॉक्टर नव्हतेच, वैद्यकीयचे होते. ब्रश तिरका धरायचा, ४५ अंशांत, केसांची टोकं दात आणि हिरडी यांच्या सांध्याशी. जागच्या जागी इवलंसं थरथरवायचं आणि मग दाताच्या टोकाकडं झटकायचं. वरच्या दातांना वरून खाली, खालच्यांना खालून वर. करवतीसारखं आडवं नाही. पेस्ट वाटाण्याएवढी. यात सगळ्यात कामाला आलं ते ब्रश पकडणं. मुठीत न धरता पेनासारखा बोटांत धरला की जोर लावताच येत नाही. मामा पहिल्यांदा वैतागले, “असं तर नाव लिहितात.” पण आवाज बंद झाला. नव्या ब्रशचे केस महिन्याभरात बाहेर वळले तर समजावं की हात अजून जड आहे. एरवी तीन-चार महिने तो ताठ राहायला हवा.

आंबट खाल्ल्या-प्यायल्यावर लगेच दात घासायची सवय असेल तर तीही मोडा. लिंबू सरबतानं दाताचा वरचा थर तात्पुरता नरमतो, अर्धा तास जाऊ द्या.

पण सगळं खापर ब्रशवर फोडूनही चालत नाही. इथं कॉलेजच्या हॉस्टेलवर राहणारी एक मुलगी दर परीक्षेला जेल न्यायला यायची. घाईत ब्रश लागतो असं म्हणायची. एकदा बघितलं तर ओठाच्या आत, जिभेच्या कडेला, दोन्ही गालांत मिळून पाच-सहा गोल फोड. ब्रश एवढ्या ठिकाणी लागत नाही गं, म्हटलं, आणि डॉक्टरांकडे पाठवलं. हिमोग्लोबिन आणि बी-१२ दोन्ही तळाला. मेसचं जेवण आवडत नाही म्हणून ती बिस्किटांवर दिवस काढत होती. म्हणजे तिला त्या लाल गोळ्यांपेक्षाही नेमकं औषध लागत होतं, आणि जेवण. ज्यांना वारंवार असं होतं त्यांनी लोह, फॉलिक ऍसिड, बी-१२ तपासून घ्यावं. त्यांच्यातल्या काहींना बिनफेसाची, म्हणजे सोडियम लॉरिल सल्फेट नसलेली पेस्ट वापरून फरक पडतो. पडतोच असं नाही. करून बघायला खर्च फारसा नाही.

आणि मिश्री. आमच्या भागात हा विषय टाळून तोंडाच्या जखमेबद्दल लिहिता येणार नाही. तंबाखू घातलेल्या टूथपेस्ट आणि दंतमंजनांवर १९९२ सालीच बंदी आली, पण घरच्या तव्यावर भाजलेल्या तंबाखूला कोण अडवणार? बाजारात भाजी विकणाऱ्या एक मावशी आल्या, गालाच्या आत जखम, “दुखत नाही बघ, पण जात पण नाही.” किती दिवस झाले, तर गणपतीपासून. तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. दुखत नाही या शब्दांनीच मला धडकी भरली. ठणकणारी जखम परवडली. दोन आठवड्यांत न भरणारी, कड टणक लागणारी, न दुखणारी किंवा आपोआप रक्त येणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, गळ्यात गाठ, तोंड पूर्ण न उघडणं, यातलं काहीही असेल तर जेल, तुरटी, जाई काही नको, त्याच दिवशी दंतवैद्य. तंबाखू, गुटखा, सुपारी खाणाऱ्यांनी तर दोन आठवडेही थांबू नये. मी मावशींना जेल विकलं नाही. त्या रागावल्या, “दुकान कशाला मांडलंस मग?”

पंधरा दिवसांनी परत आल्या त्या हसत. दाढेचा एक टवका उडून धारदार कड झाली होती, ती गालाला घासत होती. डॉक्टरांनी कड घासून बोथट केली, पुन्हा दाखवायला बोलावलं, तोवर जखम भरत आली होती. तपासणी अजून ठेवलीय. मिश्री सोडली का विचारलं तर म्हणाल्या, “दोनदाची एकदा केलीय.” तेवढ्यावर मी त्या दिवशी थांबले.

दुकानात मी आता हार्ड ब्रश मागवत नाही. सॉफ्ट आणि अतिमऊ दोनच. एजंट म्हणतो, “मॅडम, खेड्यातलं गिऱ्हाईक जाईल.” काही जातं, समोरच्या दुकानात मिळतो. मामांकडं उरलेला शेवटचा हार्ड ब्रश त्यांनी फवारणीच्या पंपाचं नोझल साफ करायला घेतलाय. त्याला तो फार छान चालतो म्हणतात, आणखी दोन आणून दे म्हणून मागे लागलेत. मी अजून आणलेले नाहीत.